समुद्रात १०० मीटर खोल चालणारी सेन्सरची डबी: मटेरियल, टेस्टिंग आणि आयडेक्सचं अनुदान

चिंचोळी_टर्नर:
सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, प्रोप्रायटरशिप. एक सीएनसी टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन). नौदलासाठी पाण्याखालची खोली आणि तापमान नोंदवणारं उपकरण बनवून आयडेक्सच्या (संरक्षण मंत्रालयाची नव्या कल्पनांना निधी देणारी योजना) ओपन चॅलेंजमध्ये द्यायचा विचार आहे. इलेक्ट्रॉनिक्स दुसरीकडून येणार, बाहेरची नळी आणि दोन्ही टोपणं आमची. आतला व्यास १०० मिमी, लांबी ७०० मिमी, खोली १०० मीटर. वजन कमी राहावं म्हणून २ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी धरली आहे. नाहीतर एसएस ३०४ स्टॉकमध्ये पडून आहेच. चार शंका:
१) मटेरियल कोणतं?
२) सॉल्ट स्प्रे (खाऱ्या धुक्यातली गंज चाचणी) पास झालं की पुरतं का?
३) उजनी धरणात सोडून टेस्ट केली तर चालेल का?
४) अनुदानात सगळा खर्च निघतो का?

नट_बोल्ट:
चौथ्यापासून सुरू करतो, कारण गाडी तिथेच अडते. सगळा खर्च निघत नाही. आयडेक्सच्या स्पार्क योजनेत कमाल दीड कोटी मिळतात, पण तेवढाच वाटा आपणही घालायचा असतो. पैसे टप्प्याटप्प्याने, ठरलेलं काम दाखवल्यावर सुटतात. म्हणजे प्रत्येक टप्प्याचं बिल आधी तुमच्या खिशातून जाणार. खेळतं भांडवल धरूनच बजेट मांडा.

दुसरी अडचण प्रोप्रायटरशिपची. अर्ज डीपीआयआयटी (केंद्राचा उद्योग विभाग) मान्यता असलेला स्टार्टअप, कंपनी कायद्याखालची कंपनी किंवा वैयक्तिक संशोधक यांच्याकडून घेतात. डीपीआयआयटीची मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड करायची असेल तर आत्ताच करा, चॅलेंजची तारीख तोंडावर आल्यावर सीएकडे पळू नका. उद्यम नोंदणीसुद्धा नव्या कंपनीच्या नावाने लागेल.

डीआरडीओचा टीडीएफ (तंत्रज्ञान विकास निधी) वेगळा. त्यात प्रकल्पाला ५० कोटींपर्यंत आणि खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत आहे, पण विषय तेच ठरवतात. एका डबीसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

खारं_पाणी:
३०४ विसरा. समुद्राच्या पाण्यात त्याला खड्डे पडतात. ३१६एल बरं, पण ओ-रिंगखालच्या (टोपण सील करणाऱ्या रबरी कडीखालच्या) फटीत पाणी साचून राहतं, तिथे ऑक्सिजन संपतो आणि तेही खायला लागतं. बाहेरून आरशासारखं आणि सीलच्या जागी पोखरलेलं, असा प्रकार होतो. ६०८२ (बाजारात एचई-३० म्हणतात) किंवा ६०६१-टी६ घ्या, हार्ड ॲनोडाइझ करा (पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण थर चढवणं) आणि झिंकचा ॲनोड लावा, तो स्वतः झिजून डबी वाचवतो. ॲनोडाइझिंगचा थर वीज वाहू देत नाही. ॲनोडची बैठक मास्क करून उघडी ठेवली नाही तर तो ॲनोड नुसता शोभेचा. स्क्रू ३१६चे असतील तर नायलॉनचे बुश आणि वॉशर घाला. तांबं असलेला पेंट या धातूच्या जवळपासही नको.

आता २ मिमी. १०० मीटरवर दाब सुमारे १० बार. भिंतीतला ताण काढला तर २५ एमपीएच्या आसपास येतो, तो पाहून वाटतं भरपूर झालं. पण बाहेरून दाबलेली नळी ताणाने तुटत नाही, ती चेपते. लांब नळीचं सूत्र: २ × ई ÷ (१ − न्यूचा वर्ग) × (जाडी ÷ मध्यव्यास)चा घन. ई म्हणजे धातूचा ताठपणा, न्यू म्हणजे पॉयसन गुणोत्तर. २ मिमीला उत्तर येतं ११.७ बार. टोपणांच्या आधाराने थोडं वाढेल, नळी जराशी लंबगोल असली की त्याहून जास्त उतरेल. दीडपट दाबाच्या, म्हणजे १५ बारच्या टेस्टला ती टिकेल असं मी तरी म्हणणार नाही. ५ मिमीला तेच सूत्र १६७ बार देतं. जाडीचा घन आहे, म्हणून एवढी उडी.

आणि वजन कशासाठी वाचवताय? ११० मिमी बाहेरचा व्यास आणि ७०० मिमी लांबी म्हणजे ही डबी ६.८ किलो समुद्राचं पाणी बाजूला सारते. ५ मिमीची नळी ३.१ किलो. हलकी केलीत तर तरंगेल, मग बुडवायला शिसं बांधाल.

नट_बोल्ट:
मशीनिंगमध्ये हमखास चुकणारी जागा सांगतो. १०० मिमीवर एच८/एफ७ फिट (नळीचं आतलं भोक म्हणजे बोअर आणि टोपण यांच्या मापांची प्रमाणित जोडी) ठेवलात तर मोकळीक ३६ ते १२५ मायक्रॉन मिळते. ५० मायक्रॉनचं हार्ड ॲनोडाइझिंग प्रत्येक पृष्ठभागावर साधारण २५ मायक्रॉन बाहेर वाढतं. बोअर ५०ने आवळतो, टोपण ५०ने फुगतं, एकूण १०० मायक्रॉन गेले. टोपण आत जाणारच नाही, किंवा हातोडीने जाईल आणि परत निघणार नाही. ड्रॉइंगवर कोटिंगनंतरची मापं लिहा आणि कोटिंगवाल्याकडून थराची जाडी लेखी घ्या.

ओ-रिंग ३.५३ मिमीची, नायट्राइल रबराची, कडकपणा ७० शोअर. खाच ४.७५ मिमी रुंद, मोकळीक धरून खोली २.८५ मिमी. दाबण १९ टक्के येतं, खाच ७२ टक्के भरते. १० बारला बॅकअप रिंग (ओ-रिंगला टेकू देणारी कडी) लागत नाही. बसायच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा (आरए) १.६ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, बोअरच्या तोंडाला १५ ते २० अंशांचा चॅम्फर. तो नसेल तर आत ढकलतानाच ओ-रिंग कापली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. एका टोपणाला दोन ओ-रिंग घाला.

जोडताना खाच टॉवेलने पुसू नका. सोलापुरी टॉवेलचा मान राखून सांगतो, त्याचा एक धागा ओ-रिंगखाली राहिला तरी पाणी आत येतं. लिंट न सोडणारं कापड वापरा, वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. जोडणी पावसाळ्यात असेल तर आत सिलिका जेल ठेवा. दमट हवा कोंडली की गार पाण्यात बोर्डावर दव धरतं आणि माणूस गळती शोधत बसतो.

प्रेशर_गेज:
टेस्टिंगचं. सॉल्ट स्प्रे, म्हणजे एएसटीएम बी ११७ला ५ टक्के मिठाचं धुकं, ३५ अंश, पीएच ६.५ ते ७.२. त्यातून कोटिंगची तुलना होते, समुद्रात किती वर्षं टिकेल ते कळत नाही. फटीतलं गंजणं बघायचं तर जोडलेली डबी खाऱ्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवा, मग उघडून ओ-रिंगची जागा बघा. नौदलाकडून पुढे जेएसएस ५५५५५ (संरक्षण उपकरणांच्या पर्यावरण चाचण्यांचं मानक) आणि धक्क्याच्या, कंपनाच्या चाचण्या येतील. प्रयोगशाळा निवडताना नुसतं एनएबीएल (प्रयोगशाळांची मान्यता) बघू नका, तुमची चाचणी तिच्या स्कोपमध्ये लिहिलेली आहे का ते बघा. मटेरियलचं हीट नंबरसह (धातूच्या ओतीचा क्रमांक) सर्टिफिकेट पहिल्या तुकड्यापासून जपा, नंतर मागून मिळत नाही.

उजनीत १०० मीटर खोली नाही, म्हणून ना पुरेसा दाब मिळेल, ना मीठ. शिवाय जलसंपदा विभागाची परवानगी, बोट, दोर. त्यापेक्षा १५० एनबी शेड्यूल ४० (आतून सुमारे १५० मिमी व्यासाच्या, जाड भिंतीच्या) पाइपची टाकी करा, दोन्हीकडे क्लास १५० फ्लँज आणि ब्लाइंड (भोक नसलेलं झाकण). फ्लँज साध्या तापमानाला १९.६ बारपर्यंत चालतं. कापडाच्या प्रोसेस हाऊसच्या बॉयलरची हायड्रो टेस्ट करणाऱ्यांकडे हातपंप मिळेल. टाकीतली हवा पूर्ण काढा, पाण्याने १५ बार चढवा, अर्धा तास थांबा. डबीत इलेक्ट्रॉनिक्सऐवजी कोरा टिश्यू पेपर ठेवा, थेंबही लपत नाही.

चिंचोळी_टर्नर:
५ मिमी नक्की केलं. टाकी होईपर्यंत कॉम्प्रेसरने आतून हवा भरून साबणाचा फेस लावला तर चालेल का?

प्रेशर_गेज:
अजिबात नको. समुद्र टोपण आत दाबतो, १० बारला जवळजवळ ८०० किलोच्या जोराने, तेव्हा स्क्रूवर काहीच येत नाही. आतून हवा भरली की तोच जोर उलटा होऊन स्क्रूंवर येतो. दाबलेली हवा पाण्यासारखी गप बसत नाही, टोपण सुटलं तर गोळीसारखं येतं. त्यात ओ-रिंग खाचेच्या उलट्या बाजूला सरकते, म्हणजे निकालही चुकीचा. टोपणाला छोटं भोक पाडून प्लगची सोय करा, हाताच्या व्हॅक्यूम पंपाने आतली हवा अर्धा बार कमी करा आणि १५ मिनिटं काटा बघा. सावलीत करा, उन्हात डबी तापली की काटा आपोआप हलतो.