ट्रेडमिल, डंबेल आणि काकांचा फॉरवर्ड

बी ३०४ राजूकाका: (फॉरवर्ड) सावधान!! वजनं उचलून लगेच ट्रेडमिलवर गेलात तर टेस्टोस्टेरॉन शून्य होतं, कॉर्टिसोल दुप्पट होतं आणि स्नायू वितळतात. सर्व ग्रुपवर पाठवा 🙏

बी ३०४ राजूकाका: हे खरं आहे का? आपल्या क्लबहाउसमध्ये सगळे असंच करतात.

ए ७०१ मंदार: तरीच माझे दंड दिसत नाहीत 😄

सी ४०२ डॉ. शिल्पा: काका, शून्य वगैरे काही होत नाही हो. व्यायामाने टेस्टोस्टेरॉन थोडं वर जातं आणि तासाभरात जागेवर येतं. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही दमदार व्यायामात वाढतं आणि नंतर उतरतं. तसं तर ते रोज पहाटे उठायच्या वेळीच सगळ्यात जास्त असतं, म्हणून झोपेतून उठताना कुणी वितळलेलं पाहिलंय का? साठवलेली साखर आणि चरबी कामाला काढणं हे त्याचं काम. व्यायामात ते लागतंच.

ए ७०१ मंदार: पण ताई, कोच म्हणतो कार्डिओ ताकद खातो. इंटरफिअरन्स इफेक्ट.

सी ४०२ डॉ. शिल्पा: तो आहे. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या संशोधकांनी दाखवला. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातेक आठवडे छान वाढली, मग अडकली आणि दहाव्या आठवड्यापर्यंत घसरली. पण ती माणसं करत काय होती? आठवड्यातून ५ दिवस वजनं, शिवाय ६ दिवस जोरदार सायकल आणि धावणं. तू गुरुवारी येतोस आणि रविवारी.

ए ७०१ मंदार: 🙈

सी ४०२ डॉ. शिल्पा: आणि हार्मोनच्या उसळीचं फार मनावर घेऊ नका. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ५६ तरुणांकडून १२ आठवडे वजनं उचलून घेतली. व्यायामानंतर टेस्टोस्टेरॉन कुणाचं किती वाढलं आणि स्नायू कुणाचे किती वाढले, याचा काही मेळच बसला नाही. गंमत म्हणजे कॉर्टिसोल जास्त उसळलेल्यांचे स्नायू किंचित जास्तच वाढलेले दिसले. काका, फॉरवर्ड नेमका उलटा निघाला.

बी ३०४ राजूकाका: डिलीट करतो 😅

बी १०२ सुनंदाकाकू: शिल्पा, मला शुगर आहे. रोज पाऊण तास चालते, तेवढं पुरे ना? वजनं उचलून या वयात पैलवान नाही व्हायचं गं बाई.

सी ४०२ डॉ. शिल्पा: काकू, बायकांचं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने इतकं कमी असतं की ठरवूनही पैलवान होता यायचं नाही. तुमच्यासाठी बघायचं ते इन्सुलिन. स्नायू काम करायला लागला की रक्तातली साखर तो इन्सुलिनची वाट न बघता आत ओढतो, आणि पुढचा दीडेक दिवस त्याला इन्सुलिन नेहमीपेक्षा चांगलं लागू पडतं. चालण्याने हे होतंच. वजनांनी साखर साठवायची कणगीच मोठी होते.

सी ४०२ डॉ. शिल्पा: अमेरिकेत लुईझियानात टाइप २ मधुमेहाच्या २६२ जणांवर ९ महिने हे करून पाहिलं, निकाल २०१० मध्ये आला. काही फक्त चालले, काहींनी फक्त वजनं उचलली, काहींनी दोन्ही केलं. वेळ साधारण सारखाच. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ठळकपणे उतरलं ते फक्त दोन्ही करणाऱ्यांचं. फार नाही, ०.३४ टक्क्यांनी. पण एकेकट्या व्यायामाने तेवढंही जमलं नाही.

बी १०२ सुनंदाकाकू: मग काय करू ते सांग.

सी ४०२ डॉ. शिल्पा: चालणं चालूच ठेवा. आठवड्यातून दोनदा त्यातली वीस मिनिटं वजनांना द्या. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठबस, भिंतीला हात लावून जोर, दोन किलोचे डंबेल. श्वास रोखून धरू नका, बीपी वाढतं. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाने शुगर जास्तच उतरू शकते. तसं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, सुरुवातीला शुगर तपासत जा आणि खिशात साखर ठेवा.

ए ७०१ मंदार: आणि मी? आधी वजनं की आधी ट्रेडमिल?

सी ४०२ डॉ. शिल्पा: ताकद हवी असेल तर आधी वजनं, पाय ताजे असताना. जमल्यास दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव, नाहीतर एकामागोमाग कर. सुरू कर म्हणजे झालं.

डी ५०३ मुग्धा: ताई, माझी एक मैत्रीण हाफ मॅरेथॉन आणि जिम दोन्ही करते, जेवण एकदम कमी. तिची पाळी तीन महिने आली नाहीये. हे कॉर्टिसोलमुळे?

सी ४०२ डॉ. शिल्पा: नुसतं कॉर्टिसोल नाही. ऊर्जेचा खर्च जास्त आणि खाणं कमी झालं की मेंदू पाळीची हार्मोन्सच आवरती घेतो. इस्ट्रोजेन उतरतं, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. दुसरी कारणंही असू शकतात, म्हणून तिला या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठव. पोटभर खायला सांग. बाकीचं मला वैयक्तिक मेसेज कर.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा. उद्या १० ते १ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

बी १०२ सुनंदाकाकू: हे सोसायटीचंच काम आहे हो. दोन किलोचा एकच डंबेल दिसतो, दुसरा कुठे गेला?

सेक्रेटरी: वॉचमनच्या केबिनचं दार अडवायला ठेवलाय. सकाळी परत ठेवायला सांगतो.