कुजलेल्या तळाखालचे आधार आधी तपासावेत

फायबरच्या जुन्या होडीत आतल्या, पाय ठेवायच्या तळाचे प्लायवूड कुजले तर त्यावरच नवा थर चढवावा, असे काही जण सुचवतात; ते मला पटत नाही, कारण ओल आतच कोंडून खालचे लाकडी आधारही कुजतात. तळ उचकटल्यावर त्या आधारांना बारीक भोक पाडून पाहावे; काळपट, ओला भुसा निघाला तर तेही बदलावे लागतील, आणि तळाखाली भरलेला फोम पाणी प्यायलेला असेल तर वाळवण्याच्या भानगडीत न पडता तो काढून टाकावा. नवे प्लायवूड आयएस ७१० (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) प्रतीचेच घ्यावे आणि शिक्का स्वतः पाहावा. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दुसरेच काहीतरी सहज गळ्यात मारले जाते. खालची बाजू, कडा आणि स्क्रूची भोके बसवण्यापूर्वीच रेझिनने माखावीत, कारण पाणी शिरते ते तिथूनच. जुने फायबर घासून स्वच्छ केल्यावर त्यावर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी रेझिन अधिक घट्ट धरते, मात्र ते महाग पडते.