मॅनेजर न होता कोडिंगच करत राहायचं असेल तर? (वय ४७)

ऐरोलीकर: जावा बॅकएंड, ऑफिस माइंडस्पेसला. डिलिव्हरी मॅनेजर व्हा म्हणताहेत, मला कोडच लिहायचाय. नाही म्हटलं तर अप्रेझलला दाखवू काय? प्रोजेक्ट अजून जावा ८ आणि स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) २.३ वर आहे.

वागळे_इस्टेट: अहो, दाखवायचं काम तर समोरच पडलंय. तो प्रोजेक्ट जावा २१ वर न्या. पोरं असल्या कामाला हात लावत नाहीत, आणि जुना कोड का तसा लिहिलाय हे तुम्हालाच ठाऊक. पण एकदम उडी नको. आधी बूट २.७, त्यावरच जावा १७, मग बूट ३ (त्याला किमान १७ लागतंच), शेवटी २१.

अडतं कुठे? जेएएक्सबी (एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) जावा ११ पासून जेडीकेत, म्हणजे जावाच्या मूळ संचात, नाही. तुमच्या कोडमधला वापर कंपाइललाच कळेल, जुन्या लायब्ररीतला मात्र थेट रनटाइमला आपटतो. बूट ३ मध्ये पॅकेजच्या नावांतल्या 'जावाएक्स'चं 'जकार्ता' होतं, पण सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका: जावाएक्स डॉट एसक्यूएल आणि क्रिप्टो जेडीकेचेच आहेत, ते तसेच राहतात. ओपनरीराइट (कोड आपोआप बदलणारं टूल) वापरा, त्याला हा फरक कळतो. विंडोज सर्व्हर असेल तर आणखी एक: जावा १८ पासून डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे, त्यामुळे एन्कोडिंग न सांगता वाचलेल्या जुन्या फाइलींतली काही अक्षरं बिघडतात.

पनवेल_लोकल: 'मॅनेजर' पदनाम घेऊच नका, 'प्रिन्सिपल इंजिनिअर' (कोडिंगमधलंच वरचं पद) मागा. उद्या महापे-घणसोलीत अर्ज केलात तर रिक्रूटर आधी पदनामच बघतो.

आणि या वयात दिवसभर कोडिंग म्हणजे चष्मा आलाच. प्रोग्रेसिव्हमध्ये (लांबचं-जवळचं एकाच काचेत) जवळचं खालच्या भागातून दिसतं, म्हणून स्क्रीन वाचताना हनुवटी वर जाते नि मान धरते. डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपनं मोजा, साधारण ६०-७० सेंमी भरेल. तो आकडा सांगून तेवढ्याच अंतराचा सिंगल व्हिजन चष्मा करून घ्या. गाडी चालवताना मात्र तो काढून नेहमीचा लावा, त्यातून लांबचं धूसर दिसतं.

ऐरोलीकर: चष्म्याचं आजच बघतो. पण प्रोजेक्टमध्ये कोड तपासणाऱ्या टेस्ट जवळजवळ नाहीतच, तिथे काय?

वागळे_इस्टेट: मग आधी तेच, अपग्रेड नंतर. प्रॉडक्शनमधल्या रिक्वेस्ट घ्या, ग्राहकांची माहिती झाका, जुन्या आणि नव्या बिल्डला त्याच पाठवून रिस्पॉन्समधला फरक (डिफ) काढा. टाइमस्टॅम्प आणि आपोआप बनणारे आयडी वगळा. तारखांच्या फॉरमॅटमध्ये फरक निघाला तर घाबरू नका, जावा ९ पासून लोकेलचा (भाषा-प्रदेशाप्रमाणे फॉरमॅटचा) डेटा सीएलडीआर या युनिकोडच्या संग्रहातून येतो. फॉरमॅटचा पॅटर्न आणि लोकेल कोडमध्ये स्पष्ट लिहा.