घरात बंदूक होती, कोपऱ्यात कोयता होता: तुमच्या लहानपणातली हत्यारं

खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडायची आमच्या घरची पद्धत अजून चालू आहे. यंदा पूजा करताना लक्षात आलं की घरातल्या मुलांना त्यातल्या निम्म्या वस्तू हातात कशा धरायच्या हेच ठाऊक नाही. आमच्या वयाचे लोक मात्र त्यांच्या सोबतीनेच वाढले. म्हणून हा धागा.

शिकारीच्या फुशारक्या नकोत. हत्यार घरात कुठे असायचं, त्याला हात लावायची परवानगी कोणाला होती, तुमच्या हातात ते पहिल्यांदा कोणी दिलं, भीती कशी बसली किंवा का बसली नाही, हे लिहा. माझं मत आधीच सांगते: मुलांपासून धार लपवून ठेवण्यापेक्षा घरातल्या मोठ्या माणसाने शेजारी बसवून ती शिकवावी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर नक्कीच लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आमचं गाव कुडाळ तालुक्यात. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. माजघरात उंच खुंट्यांवर आडवी ठेवलेली. दारूचा डबा वेगळीकडे, आणि केपा (बार पेटवणाऱ्या लहान टोप्या) कपाटात, ज्याची किल्ली आजोबांच्या जानव्याला. भात पिकायला लागलं की रात्री रानडुकरं उतरायची. मग संध्याकाळी ओटीवर बंदूक भरण्याचं काम निघे. मापाने दारू नळीत ओतायची, त्यावर काथ्याचा बोळा, मग गज घालून ठासायचं. दारू नीट बसली की गज हातातून वर उसळायचा आणि नळी टणटण वाजायची. मग छर्रे, परत बोळा. केप मात्र शेतावर पोचल्याशिवाय लावायची नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून देणं हे माझं काम. डुकरं मेलेली मी कधी पाहिली नाहीत, हवेत बार काढला की तेवढ्याने ती रात्र निभावायची.

चुलतभावाने एकदा रिकामी बंदूक गंमत म्हणून धाकट्यावर रोखली. आजोबा ओरडले नाहीत. ‘रिकामी आसली तरी माणसाच्या दिशेन धरूची नाय,’ एवढंच म्हणाले, पण त्या हंगामात तो पुन्हा मांगरावर (शेतातल्या खोपीवर) राखणीला गेला नाही.

आणखी एक गोष्ट कोकणाबाहेरच्यांना माहीत नसते. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २००४ साली विधानसभेचं मतदान ऑक्टोबरात होतं. पुढे २००९, २०१४, २०१९ लाही ऑक्टोबरच. म्हणजे नेमकं भात कापणीला आलेलं असताना बंदूक ठाण्यात. आम्ही पत्र्याचे डबे बडवत राखण केली आणि दोन कुणग्यांतलं (भाताच्या लहान तुकड्यांतलं) भात गेलं ते गेलंच. निवडणुका शांततेत व्हायला हव्यात हे मलाही कळतं, पण रानाकडेच्या शेतकऱ्याचा त्यात विचार व्हावा असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

धारूर, जिल्हा बीड

तुमचं शेजारी बसवून शिकवायचं म्हणणं वाचलं. आम्हाला कोणी बसवून शिकवलं नाही, ताई. तेवढा वेळच नव्हता.

आई-दादा ऊसतोडीला जायचे. त्यांची जोडी म्हणजे मुकादमाच्या वहीत एक कोयता. उचल आधीच घेतलेली आणि खर्च झालेली. दिवाळीच्या आगेमागे निघायचं, सांगली-कोल्हापूरकडे फडावर जायचं, चैत्राच्या सुमाराला परत. आम्ही तीन भावंडं सोबत. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची खोप, त्यात रात्री दादा कोयत्याला कानस लावत बसायचे. तो खर्र खर्र आवाज ऐकतच आम्ही झोपायचो. धार लावून झाली की दोन्ही कोयते वर पाचटात खोचून ठेवायचे, खाली रांगणारा भाऊ होता म्हणून.

माझं काम वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचं आणि मोळीला आळा घालायचा. आठवीच्या वर्षी आई तापाने पडली तेव्हा तिचा कोयता मी घेतला. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडाला गोडी जास्त, खुंट उंच राहिला की मुकादम शिव्या घालतो. डाव्या हाताने ऊस धरायचा, पूर्ण वाकायचं आणि तिरका घाव घालायचा. घाव चुकला तर तो सरळ डाव्या नडगीवर येतो. माझ्याही आला. हळद भरली, फडकं बांधलं, आणि दुपारी गाडी भरायची होती म्हणून परत उभी राहिले. ती शाळा तिथेच सुटली. कारखान्याजवळ साखरशाळा होती, पण सकाळी कोपीवर बाळाला सांभाळणार कोण?

धार शिकवावी की लपवावी, हा प्रश्न ज्यांना निवड आहे त्यांचा. आमच्या तालुक्यातून अजून पोरं फडावर जातात. त्यांच्या हातात कोयता येऊच नये, शाळेत असावीत, एवढंच माझं मागणं आहे.

(तुमचं म्हणणं बिनतोड आहे. मी लिहिताना माझ्या ओटीवरूनच विचार केला. ज्यांच्या घरी उसाचं काम होतं त्यांनी आणखी लिहावं.)

वेसावे, मुंबई

आमच्याकडे विळीला मोरळी म्हणतात आणि कोळणीच्या घरात ती पोरीला लवकर मिळते. आजीने मला आधी मांदेली दिली, मग बोंबील. सुरमई, रावस खूप नंतर. पाटावर पाय ठेवून बसायचं. मोरळीचं पातं जागचं हलत नाही, मासा हलतो, म्हणून सगळी सावधगिरी हातात. बोंबील ओला असला की निसटतो, त्याला शेपटाकडून धरायचा नाही, कल्ल्याजवळ चिमटीत धरायचा. उठताना मोरळी आडवी केलीच पाहिजे, मग पाहुणे दारात असोत की मासे उन्हात असोत. बोट मी कितीदा कापलं ते विचारू नका. पण बाजारात आजीच्या शेजारी बसून पहिला वाटा मी कापून दिला आणि गिऱ्हाइकाने काही न बोलता पिशवीत टाकला, त्या दिवशीचा आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नाही.

कोल्हापूर

आमच्या पेठेत तालमीत मर्दानी खेळ शिकवायचे. मी मुलगी म्हणून आधी बाकावर बसून बघत होते. वस्तादांनीच एक दिवस उठवलं. पहिले कित्येक महिने नुसते पवित्रे, हातात काहीच नाही. मग लाठी, मग फरी-गदगा, म्हणजे ढाल आणि काठी. दांडपट्टा दुसऱ्या वर्षी. त्याची मूठ म्हणजे लोखंडी हातमोजाच, कोपराच्या जवळपास हात आत जातो, त्यामुळे मनगट वळवून तो फिरवताच येत नाही, सगळं खांद्यातून आणि कमरेतून येतं. पातं लवलवतं, परत येताना ते कुठे येईल हे पायांना आधी कळावं लागतं. वस्ताद सारखे म्हणायचे, ‘पाय चुकला की पट्टा तुझा न्हाई.’ शिवजयंतीच्या मिरवणुकीत लोक टाळ्या वाजवतात ते लिंबू कापताना. जमिनीवर आडव्या झालेल्या पोराच्या अंगावर लिंबू असतं आणि तो पोरगा डोळे उघडे ठेवून पडलेला असतो, त्याचं कौतुक मला जास्त वाटतं.

२०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला तेव्हा वस्ताद हयात नव्हते, याचं फार वाईट वाटलं.

त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. माझी भाची तेव्हापासून रेंजवर जाते. दहा मीटरच्या एअर रायफलचं निशाण बघितलंत का कधी? मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. तिच्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घटवून घेतली, की नळी कायम निशाणाकडे आणि आज्ञा होईपर्यंत बोट चापाबाहेर. वस्तादांना ते ऐकून बरं वाटलं असतं.

एटापल्लीकडे राहिलेली एक मुलगी

बाबा शिक्षक. बदली होऊन आम्ही गडचिरोलीत गेलो तेव्हा मी दुसरीत होते. तिथे कुऱ्हाड खांद्यावर घेऊन जाणारा माणूस म्हणजे रोजचं दृश्य. मोहाला, सरपणाला, बांबूला, कशालाही निघाला तरी कुऱ्हाड सोबत. त्याची मला भीती वाटली नाही. काही घरांत भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुकाही असत.

बंदुकांची भीती वेगळी होती. दिवसा सी-६० चे, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे, जवान गावातून जायचे, रात्री कधी जंगलातले नक्षलवादी यायचे. दोघांकडे बंदुका, दोघांच्याही तोंडी मराठी, माडिया, गोंडी. अंगणात कोणी पाणी मागितलं की आई तांब्या भरून द्यायची आणि मला आत जायला खुणवायची. कोणाला पाणी दिलं, कोणाशी बोललो, हे शाळेत सांगायचं नाही. वर्गात चित्र काढा म्हटलं की आम्ही सगळे झाड, नदी आणि बंदूकवाला माणूस काढायचो. बाबांनी कधी ती चित्रं फाडली नाहीत, फक्त भिंतीवर लावायची नाहीत असं ठरवलं.

आता पुण्यात आहे. गावात रस्ता आला, मोबाईल आला, जुन्या मैत्रिणी फोटो पाठवतात. पण रात्री कोणी दार वाजवलं की मी अजून आधी दिवा घालवते.

पुणे

माझे वडील शहाळी विकतात. गाडीच्या फळीत रोवलेला कोयता आम्ही जन्मल्यापासून बघतोय. तीन घावांत शहाळ्याचं तोंड उघडायचं, चौथा घाव हलका, म्हणजे पाणी सांडत नाही. ग्राहकाच्या लहान मुलाने हात पुढे केला की बाबा आधी कोयता खाली ठेवतात, मग शहाळं देतात.

२०२२-२३ च्या सुमाराला शहरात कोयता गँगच्या बातम्या रोज येत होत्या. बाबा नवा कोयता घ्यायला गेले तर दुकानदाराने आधार कार्ड मागितलं. त्यांना फार लागलं ते. आणि त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाने, वय पंधरा, मित्राच्या वाढदिवसाला त्याच कोयत्याने केक कापला आणि व्हिडिओ टाकला. चौकीवरून फोन आला. मुलगा अल्पवयीन, समज देऊन सोडलं. बाबा तिथे हात जोडून उभे होते.

घरी येऊन त्यांनी मारलं नाही. उन्हाळ्याची सुट्टी होती, सकाळी सहाला त्याला गाडीवर नेलं आणि तोच कोयता हातात दिला. दुपारपर्यंत तळहाताला फोड. जूनपर्यंत तो रोज जात होता. त्या टोळक्यातली दोन मुलं पुढे खऱ्या मारामारीत सापडली. माझा भाऊ त्यात नव्हता, याचं श्रेय मी त्या फोडांना देते. पण सगळ्यांच्या बापांकडे गाडी नसते, ही काळजी मनातून जात नाही.

(इथे एक माहिती. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्र नियमांनुसार हत्यार ठरते, मात्र घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे या वडिलांचा कोयता गाडीवर अवजारच आहे. तोच कोयता चौकात नाचवला की प्रकरण वेगळं होतं. आधार कार्ड द्यावं लागलं म्हणून त्यांनी मान खाली घालायचं काहीच कारण नाही, हे त्यांना जरूर सांगा.)

मूळ मिरज, सध्या ह्यूस्टन

आमच्या सलूनमध्ये मी वस्तारा चामड्याच्या पट्ट्यावर परजायला शिकलो आणि फुगवलेल्या फुग्यावर साबण लावून दाढी करायला. फुगा फुटला की परत पहिल्यापासून. नव्वदच्या दशकात एड्सच्या भीतीने अर्ध्या ब्लेडचे वस्तारे आले आणि आजोबांचा वस्तारा फक्त पूजेपुरता राहिला.

इथे टेक्ससमध्ये मुलगा मित्राकडे खेळायला जाणार असला की मी आधी त्याच्या घरी फोन करतो. बंदूक आहे का, कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवता का. पहिल्यांदा फार अवघड वाटलं, पण समोरच्या बाईने न रागावता सगळं सांगितलं आणि तिनेही मला तेच विचारलं. शाळेत मुलांचा सराव होतो: दिवे बंद, दारापासून लांबच्या कोपऱ्यात, आवाज न करता बसायचं. मुलगा सहा वर्षांचा आहे. घरी आल्यावर तो मला सगळं सविस्तर समजावून सांगतो, आणि मला वस्ताऱ्याबद्दल त्याला काही सांगावंसं वाटत नाही.

संगमेश्वर

वडील गेल्यावर त्यांची बंदूक आम्ही आधी ठाण्यात जमा केली. परवाना ज्याच्या नावावर तोच गेला की वारसाला ती घरात तशीच ठेवता येत नाही, आपल्या नावाचा परवाना काढावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग अडचण होते. तीन भावांत चर्चा झाली. मी मुंबईत, मधला गोव्यात, शेती धाकटा करतो, म्हणून अर्ज त्याचा. माझ्या मुलाला ती हवी होती, पण तो एकोणीसचा आहे आणि एकवीसच्या आत परवाना मिळत नाही. तो नाराज झाला. धाकट्याने त्याला मे महिन्यात बोलावलंय, बंदूक परत आली की कढत पाण्याने नळी धुवून तेल द्यायला.

घोडा मात्र सैल झालाय, दोनदा आपटल्याशिवाय केप पेटत नाही. रत्नागिरी किंवा सातारा भागात ठासणीच्या बंदुकांची दुरुस्ती करणारा परवानाधारक कारागीर कोणाला माहीत असेल तर इथेच कळवा.