मदत हवी आहे: ४० लिटर की ६० लिटरची सॅक?

मृण्मयी_ठाणे: दोन सॅक बघून ठेवल्यात, एक ४० ची, एक ६० ची. किमतीत हजारभराचा फरक. सेल आज रात्री संपतोय. कुठली घेऊ? "गरजेप्रमाणे ठरवा" असं कृपया नको, तेवढं मलाही कळतं.

कातळवेडा: ६०, डोळे मिटून. कमी भरली तर पट्टे ओढून आवळता येते. ४० ची ताणून ६० होत नाही.

झुंजार_माची: जायचंय कुठे? मुक्काम किती? तंबू कोण उचलणार?

मृण्मयी_ठाणे: अहो, डिसेंबरात एएमके, म्हणजे अलंग-मदन-कुलंग हे तीन गड. ग्रुपबरोबर.

कातळवेडा: अलंग-मदन-कुलंग म्हणजे दोन मुक्काम धराच. मग तर ६० च.

झुंजार_माची: मग तर ६० अजिबात नको! कातळटप्प्यावर उंच, रुंद सॅक कड्याला घासते आणि माणसाला बाहेर ढकलते. आडव्या वाटेवरही तेच. शेवटी मोठ्या सॅका दोराने वर ओढाव्या लागतात आणि मागची सगळी रांग ताटकळते. शिवाय जागा दिसली की आपण भरत सुटतो.

कातळवेडा: गडावर टाकी आहेत हो, पण चढताना तीन-चार लिटर पाणी जवळ लागतंच. वर स्लीपिंग बॅग, मॅट, स्वेटर, वाटणीला आलेला शिधा. बसवून दाखवा ४० मध्ये.

झुंजार_माची: मॅट बाहेर बांधायची.

कातळवेडा: आणि कारवीच्या झुडपांत अडकली की सोडवत बसायचं. छान.

परदेशी_पाखरू: विमानप्रवास असेल तर ४० घ्या. केबिनमध्ये साधारण ७ किलो चालतं. मी तर आता चाकांचीच बॅग वापरतो, पाठीला आराम.

झुंजार_माची: चाकं अलंगवर? 😀

शिल्पा_के: लिटरवरून भांडताय, पण पाठीचं माप कोणी विचारलं का? मृण्मयी, मान खाली घाल. मानेच्या मुळाशी जो मणका सगळ्यात पुढे येतो, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेपने मोज. कंबरपट्टा त्या हाडावर बसायला हवा, म्हणजे बहुतेक भार कमरेवर जातो. पट्टा पोटावर घसरला की सगळं ओझं खांद्यांवर येतं, मग सॅक कितीही महागडी असो. उंची, वजन?

मृण्मयी_ठाणे: ५ फूट १ इंच, ४८ किलो. आणि मे महिन्यात हिमाचलमधला सार पास ट्रेकही आहे, तो धरून सांगा.

कातळवेडा: बघा! हिमालय आला. ६०.

शिल्पा_के: सार पास यूथ हॉस्टेलबरोबर का? त्यांच्या कॅम्पवर तंबू आणि अंथरूण-पांघरूण मिळतं. कपडे, रेनकोट, पाणी, डबा एवढंच आपल्याकडे. ४० पुरते. ४८ किलोच्या मुलीने १० किलोच्या आसपास थांबावं, १२ म्हणजे फारच झाले. ६० ची सॅक तर रिकामीच बऱ्याचदा दीड-दोन किलोची असते. पुढे कधी तंबूसकट जायचं झालं तर तेवढ्यापुरती मोठी भाड्याने मिळते.

कातळवेडा: भाड्याच्या सॅकच्या चेनी बघितल्यात कधी?

गडवाटा_नाशिक: धाग्यातच विचारतो, अलंगच्या पायथ्याच्या आंबेवाडीला कसाऱ्याहून थेट जीप मिळते का, की घोटीला बदलावी लागते?

झुंजार_माची: नवीन धागा काढा. आणि मृण्मयी, रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सामान भरा. दोन्ही सॅकना लागू.

मृण्मयी_ठाणे: रेनकव्हरचं विचारलंच नव्हतं मी, पण असो. माप १६ इंच आलं. ४० ची घेतेय, पण साइटवर "एकच साइज" लिहिलंय. चालेल?

शिल्पा_के: एकच साइज म्हणजे पाठ वरखाली करून जुळवता येणारी, की सगळ्यांना तीच? मागच्या बाजूचा फोटो बघ, खांद्याचे पट्टे वेल्क्रोने किंवा बकलने सरकतात का.

कातळवेडा: ६० ला ती सोय असते.

झुंजार_माची: प्रत्येक ६० ला नसते. मृण्मयी, दोन्हींचे मागचे फोटो टाका.