रॅश आला की कापडी डायपर माळ्यावर? मला हे पटत नाही

घोडबंदरची आई (कासारवडवली)

आमच्या कॉम्प्लेक्समधल्या आयांच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट आली, तशीच इथे देते: "डायपर रॅश झाला की पहिलं काम, कापडी डायपर बंद. कापडात ओल राहते, जंतू राहतात. पूर्ण बरं होईपर्यंत फक्त विकतचे डायपर आणि भरपूर क्रीम." जिने आपल्या साडेतीन महिन्यांच्या लेकासाठी विचारलं होतं, तिचं दोन मिनिटांत उत्तर: "थँक्यू, आजच सगळे बांधून माळ्यावर टाकते." तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून इथे लिहितेय.

मी हेच केलं होतं. मुलगी चार महिन्यांची असताना तिचं बूड लालबुंद झालं. कापडी बंद केले, विकतचे आणले, पाच दिवसांत कातडी निवळली. वाटलं, सुटलो. परत कापडी घातले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. असं तीनदा झालं. कारण धुण्यात होतं आणि तिकडे माझं लक्षच नव्हतं.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे अर्धंअधिक पाणी टँकरचं. त्याला फेस येत नाही, म्हणून मी पावडर वाढवत गेले, आणि पाणी पुरवायचं म्हणून खळबळणं एकदाच. वर कापड मऊ राहावं म्हणून सॉफ्टनर. एका रात्री धुऊन वाळलेला इन्सर्ट (डायपरच्या आत घालायची शोषणारी पट्टी) नुसत्या पाण्याच्या टबात टाकला आणि हाताने दाबला. पाणी निळसर झालं, वर बोटभर फेस. धुतलेल्या कापडातून! शू झाली की हेच सगळं भिजून पोरीच्या अंगाला लागत होतं. त्या रात्री सगळे इन्सर्ट गरम पाण्यातून काढले, फेस थांबेपर्यंत. चार पाणी लागली. सॉफ्टनर त्यानंतर घरात आणला नाही.

बाकी उपचार साधा होता. दर दोन तासांनी बदलायचं, शी झाली तर लगेच. वाइप्स बंद, कोमट पाणी आणि कापूस. घासायचं नाही, टिपायचं. दुपारची जेवणं उरकली की मेणकापडावर दुपटं टाकून अर्धा तास उघडं ठेवायचं. मग झिंक ऑक्साइडचं क्रीम, चांगलं जाड. पुढच्या वेळी ते खरवडून काढायचं नाही, घाण झालेला वरचा थर तेवढा टिपायचा आणि पुन्हा लावायचं. कापडी वापरणारे फसतात ते इथे. हे क्रीम कापडात मुरलं की कापड शोषतच नाही, शू वर साचते, रॅश वाढतो आणि बोल लागतो कापडाला. पेट्रोलियम जेलीचंही तेच. मी आईच्या जुन्या सुती साडीच्या वीतभर रुंद पट्ट्या कापल्या. दुहेरी घडी करून अंग आणि डायपर यांच्यामध्ये ठेवायची. पट्ट्या वेगळ्या धुवायच्या, डायपरबरोबर नाही.

रॅश आला तर आधी धुणं तपासा. माळा कुठे पळून जात नाही.

नेरुळवाली

ताई, सगळं वाचलं. दोन तासांनी बदल, अर्धा तास उघडं, साडीच्या पट्ट्या, चार पाणी. घरात किती हात आहेत तेही लिहा ना.

आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी आहे, टँकर नाही. फेस भरपूर येतो, मी दोनदा खळबळत होते, सॉफ्टनर कधीच वापरला नाही. तरी माझ्या मुलाला रॅश आला. आता काय तपासू?

२०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ झाली. पण सत्ताविसाव्या आठवड्यात मी ऐरोलीला ऑफिसात आणि बाळ पाळणाघरात. पाळणाघरातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की कापडी चालणार नाही. मी दारात उभी राहून विनवण्या केल्या. शेवटी विकतचे दिले, आणि पंधरा दिवसांत रॅश गेला तो आजतागायत नाही. मला हा पुरावा पुरतो. ज्या आईने माळ्यावर टाकले तिला अपराधी वाटायला लावू नका. बाळंतपणानंतर तशीही रोज कुणीतरी काहीतरी ऐकवतच असतं.

नौपाड्याची आजी

मी तीन मुलं आणि दोन नातवंडं लंगोटात वाढवली. तुम्ही ज्याला कापडी म्हणता ते लंगोट नव्हेत. माझ्या सुनेने आणलेले मी हातात घेऊन पाहिले, बाहेरून सगळं प्लास्टिक. आत ओलं झालेलं बाहेर कळतच नाही. आमचे लंगोट मऊ धोतराचे, त्रिकोणी. शू झाली की खालचं दुपटं भिजायचं, म्हणजे बदलावंच लागायचं. बाळ ओल्यात निजलंय आणि कुणाला पत्ता नाही, असं व्हायचं नाही.

पावसाळ्यात शेगडीवर वेताचं टोपलं उपडं घालायचो आणि त्यावर लंगोट पसरायचो. निखाऱ्यात चिमूटभर ओवा. हाताला गरम लागेल इतका वाळल्याशिवाय लंगोट बाळाला लागत नसे. लाल दिसलं तर खोबरेल. एवढंच.

नेरुळवाली

आजी, तुमच्या घरी तेव्हा दिवसभर धुवायला कोण होतं? मीच उत्तर देते, तुम्ही. माझी आईही तशीच धूत बसायची. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या, हे मला आठवतं.

नौपाड्याची आजी

होत्या. माझ्याही होत्या. ते नाकारत नाही.

वॉर्डातली ताई

लहान मुलांच्या वॉर्डात चौदा वर्षं नोकरी झाली, म्हणून थोडं लांब लिहिते.

ओलं कातडं मऊ पडतं आणि घासलं की सोलवटतं. शू साचली की जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. सकाळचा पहिला डायपर उघडताना डोळ्यांना झोंबतो तो हाच. अमोनियाने शीमधली पाचक द्रव्यं आणखी तिखट होतात आणि कातडीला खातात. हे कापडातही होतं, विकतच्यातही होतं. विकतच्या डायपरमधलं जेल ओल धरून ठेवतं म्हणून रात्री ते बरे पडतात, हे मान्य करायलाच हवं. पण विकतचे वापरले की रॅश कमी होतो, असं ठाम म्हणण्याइतका पुरावा कॉक्रेनच्या (वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणारी संस्था) २००६ च्या आढाव्याला मिळाला नव्हता. उलट बाजूचाही नव्हता. तेव्हा दोघींनी जरा दमाने घ्या.

नेरुळवाल्या ताई, तुम्ही धुण्याचं सांगितलंत, रात्रीचं नाही. रात्री किती तास एकच डायपर होता?

आता खरी काळजी. साधा रॅश फुगीर भागावर येतो, मांड्यांवर, बुडावर, जिथे कापड लागतं तिथे. जांघेच्या घड्यांच्या आत लालभडक झालं असेल आणि कडेने सुटे सुटे बारीक लाल ठिपके असतील, तर ते बुरशीचं असू शकतं. बाळाला नुकतंच अँटिबायोटिक दिलं असेल तर संशय आणखी पक्का. त्याला झिंक पुरत नाही. डॉक्टर बुरशीवरचं मलम देतात, बहुतेक वेळा क्लोट्रिमॅझोल, आणि दिसायला बरं झालं तरी ते सांगतील तितके दिवस लावायचं. अशा वेळी कापड साध्या धुण्याने भागत नाही. मशीनला ६० अंशांची सोय असेल तर त्यावर धुवायचं, आणि उन्हात कडक वाळवायचं. पू, फोड, ताप, रक्त यांपैकी काही दिसलं, किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर थेट डॉक्टर.

केमिस्टकडून "रॅशचं मलम द्या" म्हणून ट्यूब आणू नका. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूब सर्रास मिळतात. लाली दोन दिवसांत जाते, आई खूश होते, आणि डायपरखाली झाकलेल्या नाजूक कातडीतून ते स्टेरॉइड जास्तच आत शिरतं. २०१८ मध्ये केंद्राने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी आमच्याकडे येणारी निम्मी बाळं ती लावूनच येतात. आणि टाल्कम पावडर नको, ती बाळाच्या श्वासात जाते.

कोपरी, दुसरा मजला

ताईंनी "उन्हात कडक वाळवायचं" असं सहज लिहिलं. कुठलं ऊन? आमच्या सोसायटीने नोटीस काढली की दर्शनी बाजूच्या गॅलरीत कपडे वाळत घातले तर ५०० रुपये दंड. मागची बाजू म्हणजे डक्ट, तिथे दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागतो. मुलाचे बारा-चौदा कापडी रोज धुतले जातात, घरात दोरीवर दोन दोन दिवस दमट राहतात. इस्त्री फिरवते, तरी हाताला गार लागतात. माझ्या बाळाचा रॅश कापडाने झाला नाही, कमिटीने झाला, असं मी लिहून देईन.

कमिटीतला एक

मी वागळे इस्टेटजवळच्या सोसायटीत सेक्रेटरी आहे. तुमच्या नाही, पण अशी नोटीस मीही काढली आहे. वरून पाणी ठिबकतं, खालच्या मजल्यावरच्या सत्तर वर्षांच्या बाई माझ्या दाराशी येऊन भांडतात. चादर उडून तळमजल्याच्या तुळशीवर पडते. नियम बाळांविरुद्ध नाही.

विकतचे वापरणाऱ्यांनाही एक सांगतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं, वापरलेले डायपर गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचे. आमच्या पन्नास घरांतून ते उघडे, शी सकट, ओल्या कचऱ्यात येतात, आणि सफाईवाली बाई हाताने वेगळे काढते. मी स्वतः तिथे उभा राहून पाहिलं आहे.

कोपरी, दुसरा मजला

तुळशीवर चादर पडते म्हणून माझ्या बाळाने दमट कापडात राहायचं? घड्यांमध्ये लाल झालंय त्याच्या. तुम्ही उभे राहून कचरा पाहिलात, चांगलं केलंत. एकदा आमच्या डक्टमध्येही उभे राहा.

घोडबंदरची आई

दादा, दर्शनी बाजू कुणासाठी दर्शनी? फ्लॅट विकताना फोटो चांगला यावा म्हणून? तेवीस मजले उभारताना एकाही घराला धुणं वाळवायला उन्हाची जागा ठेवली नाही. आमच्याकडे युटिलिटी म्हणून दिलीय ती मशीन ठेवलं की भरते.

कमिटीतला एक

बिल्डरचा राग माझ्यावर काढू नका. मी बिनपगारी काम करतो.

चाळीतला बाबा

मी चरईतल्या चाळीत वाढलो. गॅलरीभर लंगोट असायचे, आणि कुणाच्या घरी बाळ आलंय ते दोरीवरून कळायचं. कुणी दंड केला नाही.

दुसरं, हा अख्खा धागा वाचला, त्यात धुणारी फक्त बाईच. आमच्याकडे कापडी धुणं माझं आहे. सकाळी सहाला शी झटकून, गार पाण्यात खळबळून मशीनला लावतो आणि मगच लोकल पकडतो. वीस मिनिटं लागतात. नेरुळवाल्या ताईंच्या घरी दुसरे हात नाहीत की कामाला लावलेले नाहीत, हे मला माहीत नाही.

नेरुळवाली

दुसरे हात मस्कतला आहेत, दादा. वर्षातून एकदा येतात. न विचारता असं लिहू नये.

चाळीतला बाबा

माफ करा. चुकलं माझं.

नेरुळवाली

ठीक आहे. आणि वॉर्डातल्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: रात्री दहा ते सकाळी सात. एकच डायपर, वरून ते प्लास्टिकवालं कव्हर. दिवसभर काम करून मी उठूच शकत नव्हते. तुमचं बरोबर असेल. पण म्हणूनच मी म्हणत होते की माझ्यासारखीला विकतचेच योग्य, आणि त्यावर मी अजूनही ठाम आहे.

घोडबंदरची आई

नऊ तासांच्या रात्रीला विकतचा वापरा, यावर माझं भांडण नाही. मीही प्रवासात वापरते. माझं भांडण "पहिलं काम, कापडी बंद" याच्याशी आहे. धुणं न तपासता बंद केलं की तीन आठवड्यांनी पुन्हा तिथेच येतो. आणि त्या ग्रुपवर घड्यांतल्या ठिपक्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. खरं तर माझ्याही पोस्टमध्ये नव्हतं. ते लिहायला हवं होतं.

कोपरीच्या ताई, घड्यांत लाल आहे म्हणालात. वाळवण्याचं नंतर बघू, आधी डॉक्टरांना दाखवा.

माळ्यावर टाकणारी

ती मीच. लिंक कुणीतरी पाठवली. काल लेकाला दाखवून आणलं. मागच्या आठवड्यात कानासाठी अँटिबायोटिक चालू होतं, ते मी ग्रुपवर सांगितलंच नव्हतं. बुरशीच निघाली. मलम दिलंय, दिवसातून तीनदा. डॉक्टर म्हणाले, डायपर कुठलेही वापरा, ओलं ठेवू नका. तूर्त विकतचे चालू ठेवलेत, कारण सगळे कापडी गरम पाण्यातून काढायला मला दोन दिवस लागतील. टबात एक टाकून पाहिला. फेस आला, ताई. आमचंही टँकरचंच पाणी.

कोपरी, दुसरा मजला

उद्या सकाळची वेळ घेतलीय. आणि दोरी दर्शनी बाजूलाच बांधलीय. दंडाची पावती आली की सांगते.

नौपाड्याची आजी

पट्ट्यांना जुनी साडी नसेल तर माझ्याकडे धुतलेल्या दोन आहेत, मऊ झालेल्या. कापडी माळ्यावर टाकणाऱ्या आईला हव्या असतील तर सांग ग.