वर्षावनातलं अहिंसा-शिबिर : अहिंसा नेमकी कुणाबद्दलची?

रानजाई
आंबोलीजवळ जूनच्या अखेरीस एक निवासी योगशिबिर होणार असल्याची जाहिरात सगळीकडे फिरते आहे. पहाटे आसनं, दुपारी ब्रीदवर्क म्हणजे श्वासाचे व्यायाम, संध्याकाळी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, अनवाणी फेरफटका, जेवण पूर्ण वनस्पतिजन्य आणि सगळ्याच्या मुळाशी 'अहिंसक जगणं'. योगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आक्षेप जागेला आणि महिन्याला आहे.

पहिले मोठे पाऊस झाले की याच कातळावरच्या उथळ डबक्यांत आंबोलीचा भेक, बेडकाचाच एक प्रकार, अंडी घालतो. शास्त्रीय वर्णन झालं २००९ मध्ये. जगात हा मुख्यतः आंबोलीच्या परिसरातच सापडतो आणि त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. डबकं बोटभर खोल असतं. त्यात माणसांची रांग चालली की त्या वर्षीची वीण संपली. रात्री घाटरस्त्यावर गाड्यांखाली बेडूक चिरडले जातात ते वेगळंच.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवर मोठा भाग आहे. झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्या बुंध्याला कुंपण घालावं तशी काहींची अहिंसा असते, असं माउलींनी तिथे सांगितलंय. हे शिबिर मला तसंच वाटतं.

घाटमाथा
असहमत. ताई, मी दोडामार्गचा. आमच्याकडचं जंगल योगवाल्यांनी नाही संपवलं. रबर, काजू, अननस यांसाठी डोंगर बोडके झाले, कळणे गावात लोहखनिजाची खाण आली. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली, तरी करवती थांबल्या नाहीत.

माझ्या काकांनी जमीन रबरवाल्याला दिली, कारण उभ्या रानाचे पैसे देणारं कुणीच नव्हतं. झाडं उभी असावीत म्हणून पैसे मोजणारं गिऱ्हाईक आता पहिल्यांदा येतंय आणि तुम्ही त्यालाच परत पाठवा म्हणताय. मग आम्ही जमीन कुणाला द्यायची?

रानजाई
रबर आणि खाण यांना माझा विरोध तुमच्याइतकाच आहे. पण त्यांच्यापेक्षा बरं एवढ्यावर कुणी अहिंसक ठरत नाही. शिबिर ऑक्टोबरनंतर घ्या, गावातल्या घरांत माणसं उतरवा, सडा सोडा. मग मी स्वतः नाव नोंदवेन.

समचरण
मी योग शिकवते. बेडकांआधी शिबिरार्थींबद्दल बोलायला हवं. पतंजलींच्या अष्टांगयोगात पहिलं अंग यम, त्यातही अहिंसा पहिली, प्राणायाम त्यानंतर चौथं अंग. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. ब्रीदवर्कच्या नावाखाली बऱ्याच ठिकाणी बराच वेळ जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला लावतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातापायांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, गरगरतं. आणि शिकवणारा सांगतो, 'ऊर्जा जागी होतेय'. अपस्मार, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर हा थेट धोका आहे. जाहिरातीत आरोग्याची चौकशी करणारी एक ओळसुद्धा नाही. भर पावसात, धुक्यात कुणाला झटका आला तर घाट उतरून सावंतवाडी गाठायची, हे आयोजकांनी धरलंय का?

निळाई
तुम्ही सगळे फार कठोर बोलताय. आई गेल्यावर मी अशाच एका शिबिराला गेले होते. कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. घाटातलं रान मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून त्याच्यासाठी जमेल ते करते. माणसं जंगलात गेलीच नाहीत तर त्यांना ते वाचवावंसं कशाला वाटेल?

रानजाई
निळाई, तुम्हाला तिथे आधार मिळाला, त्यावर मी वाद घालणार नाही. पण केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल आठवा. धरणाविरुद्ध कवी, शिक्षक, विद्यार्थी उभे राहिले आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान घोषित झालं. त्या सगळ्यांनी काही तिथे मुक्काम केला नव्हता. प्रेम करायला पायाखाली घ्यावंच लागतं असं नाही.

निळाई
त्यांच्याकडे कविता होत्या, शाळा होत्या. मुंबईतल्या माझ्या ऑफिसात रानाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझ्यापुरतं तरी जाणं हेच कारण ठरलं, त्यामुळे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

घाटमाथा
समचरण ताईंचा मुद्दा मान्य. डॉक्टर आणि गाडी नसेल तर शिबिर होऊ नये.

सड्याचं मात्र बाहेरच्यांनी ठरवू नये. पश्चिम घाटाबद्दलच्या माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालातही निर्णय ग्रामसभेपासून सुरू व्हावेत असा आग्रह होता. रानजाई ताई, तुम्ही आंबोलीच्या ग्रामसभेत या, भेकाचं सगळं सांगा, लोक ऐकतील. फक्त येताना एका प्रश्नाची तयारी ठेवा. पर्यटकांचा हंगाम पावसातच असतो, लोक धबधब्याला येतात ते याच दिवसांत. जून-जुलै बंद म्हटलं तर त्या दोन महिन्यांची गावातल्या घरांची कमाई कोण भरून देणार?

रानजाई
येते. ग्रामसभेची तारीख कळवा. कमाईचं उत्तर आज माझ्याकडे नाही, पण सड्याला कडेने दोरी लावून, ठरावीक वाटेनेच, गावातल्या वाटाड्यासोबत लोकांना रात्री बेडूक दाखवता येतील का, यावर बोलू. वाटाड्याचे पैसे गावातच राहतील. अनवाणी फेरफटक्याला मात्र माझा विरोध तिथेही असेल.